दामूअण्णांच्या शेवटच्या चित्रासमोर

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं वाचून 'बाई हळव्या झाल्या असतील' असं कुणी म्हणायला नको. मी नाशिकच्या एका कॉलेजात आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. लॅबमध्ये भूत आहे म्हणणाऱ्या पोरांना मी फ्यूज बदलायला लावायचे. घरात देवघर आहे, पण तेही सासूबाईंचं. तर... अशा बाईच्या बाबतीत हे घडलं.

पंचवटीत घाटापासून जवळच चित्रकार दामूअण्णांचं छोटं संग्रहालय आहे. फ्रान्सच्या इम्प्रेशनिस्ट मंडळींची चित्रं त्यांनी फक्त छापील पुस्तकात पाहिली आणि वेडे झाले. मग जन्मभर गोदावरीचा एकच घाट रंगवला — पहाटेचा, उन्हातला, धुक्यातला, पुरातला. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे फटकारे. चार पावलं मागे जा, की पाणी हलायला लागतं. म्हातारपणी मोतीबिंदू झाला, तरी घाटावर जायचं त्यांनी सोडलं नाही.

माझा नवरा सुधाकर बँकेतून रिटायर झाल्यावर तिथे हौसेने गाईड झाला. बोलायची भारी आवड! माणूस मात्र सबुरीचा. मी नोकरीत होते तेव्हा लॅब आवरेपर्यंत तो गेटबाहेर स्कूटरवर बसून असायचा. मी धावत गेले, की त्याचं ठरलेलं — "घाई नाही, तुझं होऊ दे."

शेवटच्या दालनात दामूअण्णांचं शेवटचं चित्र आहे. सगळं पिवळं-तांबूस, आणि पायऱ्यांवर एक काळपट डाग. सुधाकर प्रत्येकाला विचारायचा, "हे काय असेल?" कुणी म्हणे कुत्रं, कुणी म्हणे गाठोडं. त्याचं स्वतःचं उत्तर मात्र त्याने कुणालाच सांगितलं नाही. मलासुद्धा नाही! "तू फिजिक्सवाली, तूच शोध," म्हणायचा. मी चिडायचे. गेल्या वर्षी तो गेला... अचानक. उत्तरही घेऊन गेला. हसाल तुम्ही, पण बोलायच्या राहिलेल्या सगळ्या गोष्टींत मला तो डागच जास्त छळायचा. संग्रहालयाने त्याची टूर घ्याल का विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं ते त्या डागासाठीच.

त्या दुपारी चांदवडकडच्या बचत गटाच्या बायका आल्या होत्या. कांद्याची कामं उरकून देवदर्शनाला निघालेल्या. बरोबर पुरुष कुणी नाही, त्यामुळे अगदी मोकळ्या — पदर खांद्यावर, मोठमोठ्याने हसणं, मोबाईलवर फोटो. त्यांच्यातल्या यमुनाबाई, साठीच्या, प्रत्येक चित्रापाशी मला विचारत होत्या, "मॅडम, ह्यो त्योच घाट हाय का?" आणि मी दर वेळी हो म्हणत होते.

शेवटच्या दालनात मी चित्रासमोर मधोमध उभी राहिले. बायका दोन्ही बाजूंना, दार माझ्या पाठीशी.

"हा डाग कशाचा असेल, सांगा बघू," मी म्हणाले.

...आणि हसणं एकदम थांबलं. एकीने डोक्यावर पदर घेतला. मग दुसरीने. मग सगळ्यांनीच — घरात वडीलधारा पुरुष आला की घेतात तसा. सगळ्या थोड्या भिंतीकडे सरकल्या आणि माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत राहिल्या. मध्येच माना डोलावल्या. एकजण पदराआड हसली. मला ऐकू येत होता तो फक्त पंखा. मागे वळायला हवं होतं. नाही वळले. घाबरले होते, खोटं कशाला सांगू?

बायकांनी पदर खाली घेतले, तेव्हा कुठे मी वळले. दार उघडं होतं. मागे कुणीही नव्हतं.

बाहेर चपला घालताना यमुनाबाईंना गाठलं. "तुम्ही सगळ्यांनी पदर का घेतला हो?"

"आता गं! सर आले ना," त्या म्हणाल्या. "उंच, चष्म्यावाले. लय गोड बोलले."

"काय बोलले?" मी विचारलं.

"त्यो डाग म्हंजी चित्रवाल्याची बायको हाय म्हणले. त्याला दिसत नव्हतं ना, मंग ती सांजच्याला त्याला हाताला धरून घरी न्यायला यायची. त्याचं चित्र होईस्तोवर पायरीवर बसून राहायची. तुम्हाला ठावं नाय?"

मी 'नाही' म्हणून मान हलवली.

"आन् जाताना तुमच्याकडं बघून म्हणले, 'घाई नाही, तुझं होऊ दे.' मला वाटलं तुमचे साहेब असतील."

मी तिथेच पायरीवर बसले. नंतर वॉचमनला विचारलं, तर बायकांच्या मागून आत कुणीच गेलं नव्हतं. संग्रहालयात सुधाकरचा फोटो नाही. त्या बायका पहिल्यांदाच आल्या होत्या. चित्र पुन्हा पाहिलं — आता तिथे गुडघे जवळ घेऊन बसलेली बाई दिसते. एकदा सांगितलं की कुणालाही दिसेल, त्यात नवल नाही. पण ते पदर? आणि ते वाक्य? खूप डोकं चालवलं. उत्तर नाही.

टूर मी अजूनही घेते. शेवटच्या दालनात पाठ दाराकडेच ठेवते आणि मागे वळून बघत नाही. लेकीचं पहिलं बाळंतपण जवळ आलंय, माझ्याशिवाय तिचं कोण करणार? इतक्यात मला निघता यायचं नाही... हे त्यालाही माहीत आहे. बसेल तो.