पडद्याची आतली बाजू

घरमालकांनी किल्ली देताना एकच अट घातली होती, भिंतीला खिळा मारायचा नाही. "नुकताच रंग दिलाय," म्हणाले. रंग नुकताच दिलेला नव्हता हे बाथरूमशेजारच्या ओलीकडे पाहून कुणालाही कळलं असतं, पण मी मान डोलावली. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला. जेलरोडला खिशाला झेपेल असं दुसरं घर मिळत नव्हतं. हॉल, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी, एवढंच घर.

मुलगी सहावीत गेली आणि तिला स्वतःची खोली हवी झाली. सगळ्यांना असते म्हणे. तिच्या धाकट्या भावाला खोलीशी काही देणंघेणं नव्हतं, पण ताईला मिळणार म्हटल्यावर त्यालाही अर्धी हवी झाली. मी चिडलो. खोल्या काय झाडाला लागतात, असं काहीतरी ओरडलो. माझं हे नेहमीचंच. जे देता येत नाही त्यावर मी आधी ओरडून घेतो.

बायकोनं मात्र हॉलचा खिडकीकडचा कोपरा मनात धरला. लोखंडी कपाटापासून खिडकीच्या ग्रिलपर्यंत आडवा पाइप सुतळीनं बांधला, म्हणजे खिळ्याचा प्रश्न मिटला. गावाकडून माझ्या धाकट्या भावानं द्राक्षांचे जुने क्रेट दिले होते. ते धुऊन, उरलेला पिवळा ऑइलपेंट मारून एकावर एक रचले, झालं पुस्तकांचं कपाट. तिच्या जुन्या साड्यांची गोधडी खाली अंथरली. राहिला पडदा. दुकानात जाऊन कापडाला हात लावून आलो आणि घरी सांगितलं की रंग पसंत पडले नाहीत.

फ्लेक्सची कल्पना माझी. आमच्या सायखेड्याकडं फ्लेक्स कधी वाया जात नाही. वाढदिवस होतो, निवडणूक होते, चौकातला फ्लेक्स उतरतो आणि कांद्याच्या ढिगावर झाकायला जातो, नाहीतर न्हाणीला आडोसा होतो. मधोमध मिटला की छाप आत आणि दोन्हीकडून कोरी पांढरी बाजू. मुलांना चित्रं काढायला भिंतच मिळाल्यासारखी. भावाला फोन केला तर म्हणाला, सगळे कांद्यावर गेलेत. मग म्हणाला, "एक हाय माळ्यावर, चांगला मोठा. पण तो अण्णांचा हाय."

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला आम्ही दोघा भावांनी चौकात लावलेला फ्लेक्स. एका बाजूला टोपी घातलेला त्यांचा मोठा फोटो, दुसऱ्या बाजूला मजकूर आणि खाली आम्हा सगळ्या शोकाकुलांची नावं, त्यात माझं पहिलं. भावानं तेवढा एकच जपून घडी घालून ठेवला होता.

"छाप आत जाईल," मी म्हणालो. "कोणाला दिसतंय?"

"तुझं तू बघ दादा," तो म्हणाला, आणि पुढच्या खेपेला आणून दिला. मी तो पुरता उघडलासुद्धा नाही. वहीसारखा मिटून, वरच्या रिंगांतून सुतळी ओवून पाइपला बांधला. मुलीनं हॉलच्या बाजूनं मोर काढला, वेली काढल्या, आणि वर लिहिलं, 'मुलांची खोली. विचारून आत या.' तिच्या मैत्रिणी येऊन पाहून गेल्या. छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

खरी गोष्ट पुढचीच. अण्णा गेल्यापासून आईनं सायखेडा सोडलं नव्हतं. भावाच्या घरी होती, सुखात होती, पण थोरल्याकडं आई राहत नाही हे गावात चारचौघांनी मला ऐकवलं होतं. मी बोलवायचो आणि तिचं एकच उत्तर असायचं. "मी आले तर त्यांच्यापाशी कोण?" रोज सकाळी अण्णांच्या फोटोला फूल वाहिल्याशिवाय ती चहा घ्यायची नाही. शेवटी यंदा कशीबशी तयार झाली. पिशवीतून फ्रेम केलेला फोटो लुगड्यात गुंडाळून घेऊन आली.

आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता तिनं विचारलं, "ह्यांना कुठं लावायचं?"

मी खिळ्याची अट सांगितली. ती भिंतींकडं पाहत राहिली. एवढ्या भिंती आणि एक खिळा मारता येत नाही, हे तिला पटेना. बायकोनं फोटो फ्रिजवर टेकवून ठेवला, तर दार उघडलं की तो घसरायचा. मग कपाटात कपड्यांवर ठेवला. दुपारी जेवताना आई म्हणाली, "परवा सोडशील मला गाडीवर?" महिनाभर राहायला म्हणून आली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निदान रात्री तिला नीट झोप लागावी म्हणून मी हॉलमधलं सामान हलवलं. पंख्याखाली तिचं अंथरूण बसावं यासाठी मुलांचे क्रेट सरकवले, आणि मुलीचा अभ्यासाचा दिवा, जो आधी खिडकीकडं असायचा, तो पडद्याला अगदी खेटून आला.

दिवेलागणीला आई हॉलमध्ये पाय पसरून मेथी निवडत बसली होती. मी शेजारी खुर्चीवर होतो. मुलीनं आत दिवा लावला.

मोराच्या पिसाऱ्यात अण्णांची टोपी उमटली. मग कपाळ, मग डोळे. फिकट, पण अण्णाच. त्यांच्या गालावर आतल्या बाजूची अक्षरं पडली होती आणि गळ्यात वेली होत्या. दिवा बंद करायला म्हणून मी खुर्चीतून अर्धवट उठलो.

आईनं आधी पाय आवरून घेतले. हातातली मेथी ताटात ठेवली. मग डोक्यावरचा घसरलेला पदर पुढं ओढला, अण्णा बाहेरून घरात आले की ओढायची तसा.

"मला म्हणालास खिळा मारता येत नाय," ती म्हणाली, "अन् एवढा मोठा लावलास की रं!"

मी परत खुर्चीत बसलो.

"पण तोंड आतून का केलंस?"

तेवढ्यात पडदा सारून मुलगी बाहेर आली. पडदा तिच्या देखत बांधला होता, तिला सगळं ठाऊक होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मला ते पाहणं अजून आठवतं.

"उन्हानं रंग उडतो ना आई," मी म्हणालो. "म्हणून."

"हा, ते बी खरंय," आई म्हणाली, आणि तिनं हात जोडले.

मुलगी आत गेली. बायको स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत होती, तीही वळली. स्वतःच्या घरात तोंड लपवायला मला जागा नव्हती. होती ती एकच, पडद्यामागं, आणि तिथं मुलगी बसली होती.

परवाचं जाणं राहिलं. आई रोज दिव्याची वाट पाहू लागली. शेजारणींना बोलावून दाखवायची, उन्हाचं कारणही तीच सांगायची. मी तेव्हा गॅलरीत जाऊन उभा राहायचो.

मग एका संध्याकाळी दिवा लागल्यावर आई म्हणाली, "धाकल्याला फोन लाव." तिला ऐकू कमी येतं, म्हणून मी स्पीकर लावून फोन तिच्यासमोर धरला.

"काय रे," ती भावावर बरसली, "मी तुला माळ्यावरचा फ्लेक्स विचारला, तर कांद्यावर टाकला म्हणालास. किती बोलले व्हते मी तुला! तो हितं हाय. तुझ्या भावानं उचलून आणला, घरात लावला. तुला बापाची किंमत नाय, त्याला हाय."

म्हणजे हे आधीच घडलं होतं. माझ्यासाठी तो आईच्या शिव्या खाऊन बसला होता, आणि मला त्यानं कळूसुद्धा दिलं नव्हतं. आता खरं बोलेल, असं मला वाटलं. बोलावं, असंही वाटलं.

पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"बरं झालं आई," भाऊ म्हणाला. "दादानं जपला. माझ्याकडं ऱ्हायला नसता."

मी फोन ठेवला आणि दिवा बंद करायला उठलो.

"राहू दे," आई म्हणाली. "पोरीचा अभ्यास व्हायचाय अजून."