प्रार्थनेत घुसवलेलं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोराला नाही. कन्फेशनला गेले तरी "राग फार येतो, फादर" एवढंच सांगून सुटायची.

आणि राग म्हणशील तर येतोच! वेदीवरून धर्मगुरूने "अमक्याला मत द्या" म्हटलेलं मला अजिबात खपत नाही. अरे, ही देवळातली मिस्सा आहे की नाक्यावरची सभा? लोक देवापुढे हात जोडतात, आणि तुम्ही त्याच हातांत प्रचाराची पत्रकं कोंबता? आमच्या अंधेरीच्या गावठाणात मी हे इतक्यांदा तावातावाने बोललेय, की लोक म्हणतात, फिलोमिना म्हणजे तत्त्वाची बाई.

तत्त्वाची! डोंबल!

झालं असं — मागल्या निवडणुकीआधी एक उमेदवार आमच्या फादर जेरोमना भेटला. मिस्सेत माझं नाव घ्या, म्हणाला. म्हाताऱ्या फादरनी त्याला चहा पाजला आणि तोंडावर नाही म्हटलं. मग त्याचा माणूस माझ्याकडे आला. कारण रविवारच्या प्रार्थना मी लिहिते, माइकवर मीच वाचते. माझा पोरगा तीन वर्षं घरी बसलेला. वॉर्ड ऑफिसात चिकटवतो, म्हणाला.

मी लिहिलं. त्याला विजय मिळावा म्हणून प्रार्थना करू या — नावासकट वाचलंसुद्धा. आणि अख्ख्या देवळाने सवयीने उत्तर दिलं, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." ज्यांना तो माणूस डोळ्यांसमोर नको, त्यांनीही.

मिस्सा संपली आणि भडका उडाला. पाच-सहा जणांनी वेदीमागच्या खोलीत फादरना धारेवर धरलं. ते गोंधळून माझ्याकडे वळले — हे नाव आलं कुठून? मी म्हटलं, "फादर, तुम्हीच तर काल फोनवर सांगितलंत ना."

अलीकडे ते विसरायचे. चष्मा, तारखा, बाप्तिस्म्याच्या बाळांची नावं. मला ठाऊक होतं ते — म्हणून तर नेमकं हेच सुचलं! त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "सांगितलं असेल गं," म्हणाले. "माझ्या डोक्याचं काही खरं नाही आता."

बिशपकडे गेलेल्या तक्रारीच्या पत्रावर पहिली सही माझी. पोराला नोकरी लागली. आजही तिथेच आहे.

पुढच्या रविवारी फादरनी वेदीवरून सगळ्यांची माफी मागितली. वेदी कुणाच्या प्रचारासाठी नसते, माझं चुकलं, म्हणाले. मग माझी पाळी आली. मी माइकपाशी गेले आणि वाचलं, आपल्या धर्मगुरूंना क्षमा मिळावी म्हणून प्रार्थना करू या. लोकांनी उत्तर दिलं. मीही दिलं — सगळ्यांत मोठ्याने. एवढा निर्लज्जपणा कुठून आणला असेल मी?

महिन्याभरात त्यांना वृद्ध धर्मगुरूंसाठी असलेल्या आश्रमात पाठवलं. तिथेच वारले. ते नाव आपणच सांगितलं होतं, असं शेवटपर्यंत समजून.

रविवारच्या प्रार्थना अजून मीच वाचते.