टॅक्सीला बसवलेलं डिझेल इंजिन

घरचा हातमाग विकून बाबांनी सावनेरच्या फेऱ्यांसाठी जुनी टॅक्सी घेतली, तेव्हा ती पेट्रोलवर चालायची. मग पेट्रोल इतकं महागलं की दिवसभर गाडी हाकूनही हाती काही उरेना. तेव्हा नागपुरातल्या कितीतरी टॅक्सीवाल्यांनी केलं तेच बाबांनी केलं. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवून घेतलं.

धंदा परवडायला लागला, पण तो आवाज! गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की फळीवरची भांडी थरथरायची. शेजारी बोंबलायचे. मैत्रिणींसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बाबा ओशाळून आईला म्हणाले, "लय आवाज करते वं."

"करू द्या जी," आई म्हणाली. "माग गेल्यापासून घर मुकं झालं होतं."

तिचं सगळं आयुष्य मागाच्या खटखटीत गेलेलं. पेट्रोलची गाडी दारात येऊन उभी राहिली तरी तिला कळायचं नाही. आता लांबून धडधड ऐकू आली की ती तवा चुलीवर ठेवायची. बाबा हातपाय धुऊन बसेपर्यंत गरम भाकर ताटात पडायची.

माझ्या मुलाकडे पेट्रोलची गाडी आहे. "आवाजच नाही," असं तो कौतुकानं सांगतो. नाहीच! बेल वाजते तेव्हा कळतं, हा आला म्हणून. जळो ती शांतता. रस्त्यावर एखादी जुनी डिझेल गाडी धडधडली की मी अजूनही उठते, गॅस पेटवते. तवा तापतो, आणि गाडी पुढे निघून जाते.