केसभर उतरलेला सूर

समजा, तुमच्यापुढे लॅपटॉप आहे आणि त्यात तुम्हाला एका जुन्या सिंथेसायझरचा आवाज नव्याने घडवायचा आहे. नुसता स्वच्छ सूर काढून भागणार नाही. त्या यंत्राची घरघर, तापल्यावर त्याचा हळूच सरकणारा सूर, सगळं आकड्यांत बसवायचंय. जमेल?

पंकजला जमलं, असं मुरबाडपासून आसनगावपर्यंत जो तो म्हणत होता. आणि दिनेशच्या पोटात नेमकं तेच दुखत होतं.

दिनेशकडे तसलं खरंखुरं यंत्र होतं. मुंबईतला एक स्टुडिओ मोडीत निघाला तेव्हा त्याने उचलून आणलेलं. सगळे त्याला पेटीच म्हणत. चालू करून अर्धा तास ठेवली की मगच सूर जागेवर यायचा. त्याची बायको संगीता म्हणायची, "माझं कपाळ तापलं तर कोन बघत नाय, पेटी तापली का ते मात्र दहादा बघतो!"

या पेटीवर तो लहानीमावशीला साथ करायचा. लहानीमावशी धवलारीण. लग्नाच्या मांडवात धवले गाऊन विधी पार पाडणारी, आसपासच्या तालुक्यांत मान असलेली बाई. ती ज्याला साथीला घेईल, त्याचाच मांडव. आणि ती दिनेशलाच घ्यायची, त्याला कारण होतं. पेटीचा एक भाग जळला होता, तेव्हा दुरुस्तीवाल्याने हाताला लागला तो बसवला. तेव्हापासून वरच्या पट्ट्या केसभर उतरलेल्या. गाता गाता मावशीचा गळाही तिथे उतरायला शिकला. दुसऱ्या कुणाच्या नव्या कीबोर्डवर ती वर चढली की सूर बेसूर लागायचा, बाया तोंडाला पदर लावायच्या. मग मावशी वैतागून म्हणायची, "मला दिनेशचीच पेटी पायजे."

असं का होतं, ते फक्त दिनेशला ठाऊक होतं. निदान त्याचा तसा समज होता.

साऊंडचा कोर्स करून आलेला पंकज एकदा पेटी बघायला आला होता. दिनेशने मोठ्या अभिमानाने दाखवली, खालच्या पट्ट्या वाजवूनही दाखवल्या. वरच्या पट्ट्यांकडे हात मात्र नेला नाही. "तिकडं नको रे, नाजूक हाय."

पुढे एका लग्नात लाइट गेली, पेटी गार पडली. पुन्हा तापेपर्यंत नवरी पाटावर ताटकळली. त्यानंतरच्या लग्नाला, म्हसा गावाजवळ, मावशीने पंकजला बोलावलं.

दिनेश न बोलावता गेला. लॅपटॉपचा सूर सरळ असणार, मावशी वर चढली की तोंडावर आपटणार, आणि पोरगा सगळ्यांदेखत उघडा पडणार. ते बघायलाच तो मांडवाच्या मेढीला टेकून उभा राहिला.

मावशीने आवाज लावला. पंकजने मागून सूर धरला. तीच घरघर, तोच जाडसर आवाज. मावशी वरच्या ओळीकडे निघाली. 'आता!' दिनेश पुढे झुकला.

लॅपटॉपचा सूर केसभर उतरला आणि मावशीचा गळा अलगद त्यावर बसला. एकीनेही तोंडाला पदर लावला नाही.

गाणं संपल्यावर पंकज धावत आला. "दादा, कसा वाटला आवाज?"

"बरा हाय. अजून जरा तापू दे."

"लॅपटॉप तापला तर बंदच पडंल, दादा!" पोरगा मनापासून हसला. त्या हसण्यात खोट सापडली असती तर दिनेशला जरा बरं वाटलं असतं.

मावशीने लांबूनच हाक मारली, "आलास रे? जेवल्याबिगर जाव नको."

तो तिच्याकडे निघाला, पण तेवढ्यात बायांनी तिला नवरीकडे ओढून नेलं. तो जेवला नाही. परतीच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसल्यावरही एकच सवाल त्याला कुरतडत राहिला. वरच्या पट्ट्यांचं ते उतरणं पोराने कुठल्याशा मांडवात उभं राहून कानाने पकडलं असेल, तर एक वेळ सोसता येईल. पण मावशीला स्वतःच्या गळ्यातलं हे सगळं आधीपासून कळत होतं का? आणि तिनेच ते पंकजला सांगितलं का?