माहेरी न झालेलं बाळंतपण

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मारून-मुटकून. जन्मात स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं ते एकच, लेकीला. ऐंशी सालानंतरची गोष्ट. ती आखातात नर्स होती. तिथेच लग्न केलं, मला न विचारता. वर्षभराने तिने लिहिलं, ‘बाबा, मला दिवस गेलेत. पहिल्या बाळंतपणाला घरी येऊ ना?’

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच. कितीही गरिबी असो, लेकीला आणतातच. बायकोने आतली खोली सारवली, जुनी लुगडी काढून गोधडी शिवायला बसली. मी लिहिलं, ‘इथे येऊ नको.’ खाली सही केली आणि लांज्याच्या पोस्टात स्वतः जाऊन टाकलं.

बायको म्हणाली, “सांभाळा तुमचं नाक. रोज गंध लावा त्याला.”

नात तिथेच झाली. चार महिन्यांनी परत पत्र. जावयाला कुठलाच देश नाही, हे मला तेव्हा कळलं. त्याची आई तिथलीच, पण बाप बिनकागदाचा, आणि तिकडे आईचं नागरिकत्व मुलांना मिळत नाही. जन्मल्या गावात तो उपरा. आता नातीलाही पासपोर्ट नाही. ‘मला येता येईल, तिला आणता येत नाही. बाबा, काहीतरी करा.’

खरं सांगतो, मी हसलो. बायकोला म्हटलं, “अरबांचं अरबांपाशी गो! आपल्याकडे असलं नाही. लेक इथली, तर नात इथली.” इस्त्रीचा सदरा घातला आणि पहिल्या एसटीने रत्नागिरीच्या कचेरीत गेलो.

कारकून तरुण होता, बोलायला गोड.

“बाप भारतीय आहे?”

“आई भारतीय. माझी लेक.”

“आजोबा, मूल परदेशात जन्मलं की बापावरून धरतात. आईवरून नाही.”

“अरे, हा अरबांचा कायदा सांगतोस. आपला सांग.”

“आपलाच सांगतोय.”

मी बाकड्यावर बसलो. आपला? तो पुढे बोलतच होता. “इथे जन्मली असती तर प्रश्नच नव्हता. इथे जन्मलेलं मूल इथलं. पहिलंच ना? मग लेक माहेरी कशी नाही आणलीत? तुमच्याकडे आणत नाहीत काय?”

सारवलेली खोली दिसली, अर्धी राहिलेली गोधडी दिसली. सरकारं नाही म्हणाली ती मागाहून. आधी मी म्हणालो होतो.

“अर्ज करून बघा,” तो म्हणाला. “वेळ लागेल, मंजुरीचं सांगत नाही. मी लिहून देऊ?”

“नको.”

पेन मागून घेतलं. अक्षरं वाकडी आली. ‘माझी नात माझ्या घरी जन्मणार होती. मी तिच्या आईला येऊ दिलं नाही.’

त्याने वाचलं. “आजोबा, हे कशाला? याचा अर्जाला उपयोग नाही.”

“राहू दे,” म्हटलं, आणि खाली सही केली.