हिरव्या चिंधीचा डबा

जालन्याला कॉलेजात असताना माझं जेवण एसटीने यायचं. केदारखेड्याच्या थांब्यावर आई सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांकडे डबा द्यायची आणि जालन्याच्या स्टँडवर मी तो उतरवून घ्यायचे. खेड्यातून शिकायला आलेल्या आम्हा पोरापोरींचं असंच चालायचं. ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या बोनेटवर पिशव्यांची गर्दी असायची. आपली ओळखू यावी म्हणून आईने माझ्या पिशवीच्या बंदाला जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी बांधली होती. बोनेटच्या धगीने भाकरी मऊ राहायची, मेथीच्या भाजीला मात्र डिझेलचा वास लागायचा. रूमवरच्या मुली नाकं मुरडायच्या. मला अजूनही डिझेलचा वास आला की भूक लागते, आता याला काय करणार.

शेवटच्या वर्षी पुढच्या शिक्षणासाठी दोन ठिकाणी नंबर लागला, संभाजीनगरला आणि जर्मनीला. घरी आले तेव्हा आई पीठ मळत होती.

"आई, बाहेर शिकायला जाऊ का?"

"जा की. कोणत्या गाडीला डबा देऊ?"

आमच्या घरात बाहेर म्हणजे संभाजीनगर. त्याच्यापुढचं बाहेर कुणी पाहिलंच नव्हतं. जर्मनी म्हटल्यावर तिचा हात परातीतच थांबला. "मंग तिथं खाशील काय?" एवढंच तिने विचारलं.

शिष्यवृत्ती मिळत होती, म्हणजे खर्चाचं निमित्तही उरलं नव्हतं. वडलांनी तर चौकातल्या हॉटेलात चहा पिता पिता मला विमानात बसवूनही टाकलं. मी मात्र हो-नाही करत बसले. संभाजीनगर म्हणजे रोजचा डबा आणि सुट्टी लागली की घर. जर्मनीत यातलं काहीच नव्हतं, आणि मला धड कुकर लावता येत नव्हता. आईला विचारलं की म्हणायची, "तुझं तू बघ." तिने नको म्हणावं म्हणून मी टपून बसले होते. तशी मी कुणाचं ऐकणारी नाही, पण तेवढं एक आनंदाने ऐकलं असतं.

होकार कळवायची मुदत संपत आली होती. एका सकाळी स्टँडवर गेले, तर बोनेटवर हिरवी चिंधी कुठेच दिसेना. ड्रायव्हरकाका म्हणाले, "तुमचा डबा आज न्हाई दिला, ताई." मी घाबरून घरी फोन लावला. आईचा आवाज ठणठणीत होता.

"न्हाई धाडला. उद्यापासून बी न्हाई. तुझं तू करून खा."

"अगं पण का?"

"जर्मनीला कोणती एसटी जाती? आतापासून सवय लाव."

मी रागाने फोन ठेवला. स्टँडबाहेर उभ्याउभ्या भजे खाल्ले आणि खाता खाता रडले. जायचं नाही म्हणायला माझ्याजवळ एक डबाच तर होता, तोही तिने काढून घेतला. पुढचे काही दिवस कच्चा भात आणि करपलेलं पिठलं पोटात ढकललं, आणि जर्मनीला होकार कळवला.

आता तिकडेच नोकरी करते. पिठलं बरं जमतं, भाकरी अजून फाटते. मागच्या दिवाळीत गावी गेले होते, तेव्हा वडलांसोबत त्याच थांब्यावर उभी होते. एसटी येऊन गेली आणि ते हसायला लागले.

"तुझ्या मायनं डबा बंद केल्ता ना, तवा बी रोज भरून आणायची इथं. गाडी आली की पुढं व्हायची, मंग मागं सरायची. पिशवी पदराखाली धरून घरी. तुझा डबा मीच खाल्ला तवा."

घरी आल्यावर आईला विचारलं. ती पोळपाट पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "धाडायचा न्हाई हे मला ठावं होतं, बाई. हाताला कुठं ठावं होतं?"