‘पोचलो’ या विषयाखालचे मेल

मुलांनो,

काही दिवसांत तुमच्या घरी एक छोटा पेन ड्राइव्ह येईल. त्याच्याबरोबर हे लिखाण छापून पाठवते आहे. पेन ड्राइव्ह उघडलात तर आत फारसं काही दिसणार नाही, आणि एवढ्याशासाठी आजीने कुरिअर का केलं असं तुम्हाला वाटेल. म्हणून आधी हे वाचा. आताच लिहिते आहे, कारण ज्यांच्या प्रोग्रामने त्यातले मेल जपले त्यांनी गेल्या आठवड्यात काम थांबवलं. मलाही आता दमायला होतं. पुढच्या वर्षी हे सगळं ओळीने सांगता येईल याची मला खात्री नाही.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण माझी नोकरी सगळी ‘विथ रेफरन्स टू’ लिहिण्यात गेली, आणि निवृत्तीनंतरची वर्षंही तसल्याच इंग्रजीत. हे आजोबांविषयी आहे. ते घरात इंग्रजी बोलत नसत. बाबा तुम्हाला वाचून दाखवतील.

मी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत पत्रव्यवहार बघायची. आधी टाइपरायटर होता, मग टेलेक्स, मग मेल आले. मेल आले तेव्हा सगळे म्हणाले, चला, बाईंच्या फायली गेल्या, काम कमी झालं. झालं उलटं. कागद निदान कपाटात असायचा. मेल ज्याच्या त्याच्या संगणकावर, आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर तेही गेले. कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात एक सिंधी गृहस्थ होते, माझ्याहून बरेच लहान, उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहणारे. त्यांनी या कटकटीवर उपाय म्हणून रविवारी घरी बसून एक प्रोग्राम लिहिला. तो मेल उचलून एका जागी ठेवायचा, तारखेने लावायचा आणि मागाल तो शोधून द्यायचा. पुढे त्यांनी तो इंटरनेटवर सगळ्यांना मोकळा करून टाकला. कुणीही फुकट घ्यावा, आतून उघडून बघावा, पाहिजे तसा बदलावा.

मी निवृत्त झाल्यावर त्यांचा फोन आला. “मॅडम, ऑफिसात तुम्ही माझ्या प्रत्येक कामात चूक काढायच्या. आता फुकटमध्ये काढाल का?”

मी हो म्हटलं, आणि ते काम इतकी वर्षं पुरलं.

चाचणी म्हणजे तांदूळ निवडणं. त्यांनी प्रोग्रामची नवी आवृत्ती पाठवायची आणि मी ती चालवून बघायची. मेल आत गेले का, जोडलेली फाइल उघडते का, जुना मेल शोधला तर सापडतो का. दर वेळी तेच, त्याच क्रमाने. खडा सापडला तर इंग्रजीत लिहून कळवायचं. नाही सापडला तर दिवसभर बसून काय केलं ते घरातल्या माणसालाही दिसत नाही. आजोबा विचारायचे, “आज काय केलंस?” मी म्हणायची, “काही बिघडलेलं नाही, हे बघितलं.”

बिघडलं की जगाच्या पाठीवरून कुठूनही तक्रार यायची. कुणी लिहायचा की हा प्रोग्राम म्हणजे रद्दी आहे, उद्याच्या उद्या नीट करा. मी कधीमधी लोकलने अंबरनाथला उतरून रिक्षाने कॅम्प पाचला जायची, तेव्हा ते गृहस्थ मला असल्या तक्रारी वाचून दाखवायचे. “बघा मॅडम, आले साहेब. पगार देत नाहीत, पण मेमो देतात.” त्यांची आई पापड आणि पाण्याचा पेला घेऊन यायची. दारी आलेल्याला त्यांच्याकडे आधी हेच देतात. “पहले पापड खाओ, पानी पियो,” ती म्हणायची, “फिर मशीन को गाली दो.” आम्ही हसायचो. अलीकडे ते मेमो वाचून दाखवेनासे झाले. नुसती मान हलवून पुढचं उघडायचे.

आता आजोबांचं. ते उल्हासनगरच्या मराठी शाळेत शिक्षक होते, एवढं तुम्हाला माहीत आहे. तुमचे बाबा परदेशी गेले तेव्हा जाण्याआधी त्यांनी घरच्या संगणकावर मराठी टाइप करायची सोय करून दिली होती. तिकडून त्यांचा पहिला मेल आला. विषयाच्या जागी एकच शब्द होता, ‘पोचलो’. आजोबांनी नवा मेल कधीच लिहिला नाही. पत्ता टाइप करताना एखादं टिंब राहिलं तर पत्र भलत्याच्याच घरी जाईल, ही त्यांना धास्ती. म्हणून दर वेळी बाबांचा आलेला मेलच उघडायचा, ‘उत्तर’ दाबायचं आणि लिहायला लागायचं. बाबांच्या लग्नाची बोलणी, तुमचा जन्म, इथल्या नळाचं गळणं, सगळं ‘पोचलो’ या एकाच विषयाखाली चालू होतं. बाबाही तिकडून त्यालाच उत्तर द्यायचे. आजोबा लिहायला बसले की पडदा जरा भिंतीकडे वळवायचे, परीक्षेत मुलं पेपर झाकतात तसा. मी डोकावले नाही.

ते सगळे मेल मी आमच्या प्रोग्राममध्ये ठेवत होते. एकदा त्यात एक बग सापडला. मेलच्या यादीत ‘पोचलो’च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसायला लागली. कॅम्प पाचहून निरोप आला की मराठी विषयाचे थोडे मेल नमुन्याला पाठवा. मी आजोबांना विचारलं.

“दे की,” ते म्हणाले. “फक्त माझ्या पत्रांवर लाल शाई चालवायची नाही, म्हणावं.”

मी हाताला आले ते थोडे मेल पाठवले. प्रश्नचिन्हं गेली, आणि ती गोष्ट आम्ही विसरलो.

आजोबा गेल्यावर त्यांचं मेलचं खातं कुणी उघडलं नाही, म्हणून मेलवाल्या कंपनीने ते बंद करून टाकलं. बाबांनी तिकडे हे मेल पहिल्या नोकरीच्या पत्त्यावर घेतले होते. ती नोकरी सुटली तेव्हा तो पत्ताही गेला. मला त्याची काळजी वाटली नाही. माझ्याकडे सगळं होतं.

मग गेल्या वर्षी उन्हाळ्यात एक नवी आवृत्ती आली. लोक फार दिवस मागत होते की मेल खूप जागा खातात, काहीतरी करा. उत्तरावर उत्तर जात राहिलं की प्रत्येक मेलच्या खाली आधीचा सगळा मजकूर पुन्हा येतो, हे तुम्ही पाहिलं असेल. मग शेवटचा एक मेल ठेवला तरी त्याच्या पोटात आधीचे सगळे असतात. आधीचे सुटे मेल काढून टाकले तर जागा वाचते. त्यांनी तशी सोय केली. मी ती नेहमीच्या नमुन्यांवर चालवून पाहिली. ते नमुने ऑफिसातल्या मेलसारखे बनवलेले होते. ऑफिसात खालचा मजकूर कुणी म्हणता कुणी पुसत नाही. उद्या प्रकरण अंगावर आलं तर कोण काय म्हणालं होतं ते दाखवायला तोच उपयोगी पडतो. सगळं ठीक निघालं. मग रिवाजाप्रमाणे मी आपल्या घरच्या मेलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवली आणि नवी आवृत्ती घरच्या मेलवर चालवली. जागा खूपच वाचली. आम्हाला दोघांना बरं वाटलं.

पावसाळ्यात इथे आमच्या मांजर्लीत नदीचं पाणी आलं. दर वर्षी येईल येईल म्हणतात, या वेळी आमच्या तळमजल्यावर खरोखर आलं. संगणक टेबलावर होता, तो वाचला. डिस्क कपाटाच्या खालच्या खणात होती. पुढे उल्हासनगरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने ती कानाशी हलवून पाहिली आणि परत दिली. “आंटी, इसमें मिट्टी है.”

त्याचंही मला फार वाईट वाटलं नाही. प्रत गेली, मूळ तर होतं.

दिवाळीत व्हिडिओ कॉलवर, बाळे, तू विचारलंस, “आजी, माझा जन्म झाला तेव्हा आजोबांनी काय लिहिलं होतं? बाबा म्हणतात मोठं पत्र होतं आणि ते रडले होते.”

“कोण रडले? आजोबा?”

“नाही गं, बाबा!”

मागून बाबा ओरडले, “रडलो वगैरे नाही हं मी!” आणि तू म्हणालीस की कॉलेजला घर सोडून जाताना तुला ते पत्र बरोबर न्यायचं आहे. मी म्हटलं, संध्याकाळी पाठवते.

मी संगणक लावला आणि ‘पोचलो’ शोधलं. एकच मेल आला. शेवटचा. त्यात लिहिलं होतं, “डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आहे. तुझी आई आता लोणच्याची बरणी माझ्यासमोर आणत नाही. बाकी ठीक.” त्याच्या खाली आधीचं सगळं असायला हवं होतं. खाली काहीच नव्हतं.

मी तुला कळवलं की शोधते आहे. मग कॅम्प पाचला गेले.

त्या गृहस्थांनी मेल उघडला, खाली-वर फिरवला, पुन्हा उघडला. “मॅडम, खालचं कुठे गेलं? आपण तर हात नाही लावला त्याला. हे आधीच पुसलेलं आहे.” ते माझ्याकडे बघायला लागले. “पण पुसतं कोण? ऑफिसात कुणी पुसायचं का?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आजोबा शाळेत असताना तास संपला की फळा पुसूनच वर्गाबाहेर पडायचे. दुसऱ्या मास्तरला खडूने भरलेला फळा देणं त्यांना असभ्य वाटायचं. नव्या मास्तरांनी तसं केलं तर घरी येऊन दोनदा बोलून दाखवायचे. मेल लिहितानाही त्यांनी तेच केलं असणार. ‘उत्तर’ दाबायचं, खाली बाबांचं आलेलं पत्र आणि स्वतःचं जुनं पत्र असेल ते सगळं स्वच्छ पुसायचं, आणि मग कोऱ्या जागेवर लिहायला लागायचं. प्रोग्रामने त्यांचे सगळे मेल एका माळेतले समजून शेवटचा ठेवला आणि बाकीचे काढून टाकले. बाबांनी पाठवलेलेही.

मी हे सांगितलं. त्यांनी मेल बंद केला. आतून त्यांची आई पापड घेऊन आली, आमच्याकडे बघितलं आणि ताटली ठेवून गेली.

“किती वर्षं मी लोकांना सांगतो,” ते म्हणाले, “माझ्याकडे ठेवा, जाणार नाही.”

मी म्हटलं, “चाचणी मी केली होती.”

“तुमच्या चाचणीत मास्तर नव्हते ना, मॅडम.” मग त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, परत घातला. “थांबा. थांबा थांबा. तो प्रश्नचिन्हवाला टेस्ट आठवतो?”

प्रोग्रामच्या बरोबर नमुन्याच्या मेलची एक पेटी असते. जो कुणी प्रोग्राममध्ये बदल करतो त्याने आधी तो या पेटीवर चालवून बघायचा, अशी रीत आहे. जुने नमुने कुणी काढत नाही. त्यांनी पेटी उघडली. खाली, फार खाली, ‘पोचलो’ होतं. एक नाही, थोडे मेल होते, मी हाताला आले म्हणून पाठवले होते तेच. पण विषय तपासायचा होता, पूर्ण मेल नको होते, म्हणून त्यांनी प्रत्येक मेल वरच्या काही ओळींनंतर कापला होता. आणि ते जगासमोर उघडे राहणार म्हणून नावं काढली होती. बाबांच्या नावाच्या जागी ‘क’ आहे, माझ्या नावाच्या जागी ‘ख’.

आम्ही एकेक वाचत गेलो. तुझ्या जन्माचा चौथा होता.

त्यांनी ती जागा वाचवायची सोय काढून टाकली आणि वापरणाऱ्यांना इशारा दिला. इशाऱ्याचं इंग्रजी मी लिहून दिलं. दोन जणांनी लिहिलं की त्यांच्याही घरचे मेल गेले. बाकीच्यांनी विचारलं, ती सोय परत कधी येणार. मग त्यांनी पेटीत एक नवा नमुना घातला, खालचा मजकूर पुसलेल्या मेलचा, म्हणजे पुढे कुणी अशी सोय पुन्हा आणलीच तर आधी या मास्तरांसमोर उभं राहावं लागेल. त्यासाठी मिठाचा मेल वापरला. मला विचारलं. मी म्हटलं, वापरा, लाल शाई नको.

त्यानंतर काही महिन्यांनी ते म्हणाले, “बस, मॅडम. डोळे पण थकले आणि मन पण.” मी त्यांना थांबा म्हटलं नाही. प्रोग्राम होता तिथेच आहे, कुणीही घेऊ शकतो. त्याची देखभाल आता कुणी करत नाही. मी पण शेवटची चाचणी पेन ड्राइव्हवरच्या या मेलवर केली. उघडतात.

बाळे, तुझ्या पत्राचं जेवढं आहे तेवढं इथे उतरवते, म्हणजे पेन ड्राइव्हला काही झालं तरी कागदावर राहील.

“चि. क, मुलगी झाल्याचं आज सकाळी कळलं. ख देवापाशी बसली आहे. मी उगाचच शाळेच्या रस्त्याने चक्कर मारून आलो. कुणी ओळखीचं भेटलं तर सांगता येईल असं वाटत होतं. कुणी भेटलं नाही. परत येताना”

इथे कापलेलं आहे. परत येताना काय झालं ते मला माहीत नाही. त्यांनी मला सांगितलं नव्हतं, आणि बाबांनाही आता आठवत नाही.

पेन ड्राइव्हवर आजोबांचे नऊ मेल आहेत, वरच्या काही ओळींपुरते, आणि मिठाचा मेल पूर्ण आहे.